वसतिगृहाची खोली आणि अनर्थदंड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वसतिगृहातील विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यासमोर दिलेले भाषण. बोलण्याची मूळ शैली शक्यतो कायम ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या इतिहासाविषयी आणि दात्यांच्या औदार्याविषयी बोलले जाते, आणि ते उचितच आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या कार्याचा पाया घातला, त्यांना वंदन करून मी आज एका अगदी लहान जागेविषयी बोलणार आहे. ती जागा म्हणजे वसतिगृहातील एक खोली. दोन कॉट, दोन टेबले, दोन कपाटे, एक पंखा, एक-दोन दिवे, भिंतीवर एक्स्टेंशन बोर्ड आणि दाराबाहेर चपलांची रांग. एवढ्याशा संसारात निसर्गावरचा आपला भार कमी कसा करता येईल, हा आजचा विषय आहे.

वसतिगृह हे आपल्या समाजाला नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली, त्यांत जैन बोर्डिंगही होते. मुंबईत १९१५ साली श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. कुंभोज येथे १८८७ साली एका जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नाव श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे ठेवण्यात आले. त्या वसतिगृहात मुले स्वतः स्वयंपाक करीत, पाणी भरीत, शेतात राबत. एक घागर पाण्याला किती खेपा लागतात आणि एका भाकरीमागे किती श्रम असतात, हे त्या मुलांना कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही. ते त्यांच्या हातांना ठाऊक होते.

आजच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नाही, यात त्याचा दोष नाही. आपण व्यवस्थाच तशी केली आहे. वसतिगृहाच्या शुल्कात वीज आणि पाणी धरलेले असते. नळ फिरवला की पाणी येते, बटण दाबले की पंखा फिरतो, आणि महिनाअखेरीस बिल येते ते कार्यालयात. वापर करणाऱ्याला आकडा दिसत नाही आणि ज्यांना आकडा दिसतो त्यांना खोली दिसत नाही. घरी असताना 'दिवा बंद कर रे' असे सांगणारी आई होती. येथे तीही नाही. अशा रीतीने आयुष्याची तीन-चार वर्षे निघून जातात आणि जी सवय अंगी लागते, ती पुढे संसारात, कचेरीत, कारखान्यात सोबत जाते. म्हणून मला या खोलीचे महत्त्व वाटते. आपल्या हिशेबाने राहण्याची ही तरुणाची पहिली जागा असते.

आपल्या परंपरेत या विषयासाठी एक नेमका शब्द आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे आणि ते दिगंबर व श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांत सांगितले आहे. दंड म्हणजे दुसऱ्याला होणारी पीडा. अनर्थ म्हणजे प्रयोजनाशिवाय. गृहस्थाच्या हातून काही हिंसा अटळपणे घडते. अन्न शिजवावे लागते, पाणी तापवावे लागते, प्रवास करावा लागतो. त्यामागे प्रयोजन असते. परंतु ज्या हिंसेतून कोणाचेच काही साधत नाही, ती टाळणे गृहस्थालाही शक्य आहे, म्हणून ती टाळलीच पाहिजे, असा या व्रताचा आशय आहे.

आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव प्रमादचर्या, म्हणजे बेपर्वाईचे वागणे. त्याचे वर्णन करताना आचार्यांनी जी यादी दिली आहे, ती एखाद्या पर्यावरण-अभ्यासकाने करावी तशी आहे. विनाकारण भूमी खणणे, पाणी वाया घालवणे, अग्नी पेटवणे, वारा चाळवणे, वनस्पती तोडणे, विनाकारण स्वतः फिरणे आणि दुसऱ्यालाही फिरवणे. माती, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती, जाणे आणि जायला लावणे. विद्यार्थी मित्रांनो, ही सात नावे घेऊन आपण तुमच्या खोलीत एक फेरी मारू.

माती

खोलीत खणणे कोठून आले, असे तुम्ही विचाराल. तुमच्या हातातील मोबाइल, टेबलावरचा लॅपटॉप, पलंगाचे लोखंड हे सर्व भूमीतूनच आलेले आहे. मोबाइलपासून वातावरणात जाणाऱ्या कर्बवायूचा बहुतांश भाग तो तयार होतानाच बाहेर पडलेला असतो. तुम्ही तो रोज चार्ज करता त्याचा वाटा त्या मानाने थोडा. साधा हिशेब करा. आजच्या मोबाइलची बॅटरी एकदा पूर्ण भरायला साधारण पंचवीस वॅट-तास वीज लागते. रोज भरली तरी वर्षाला नऊ-दहा युनिट होतात. म्हणजे चार्जरची चिंता करण्यापेक्षा तोच मोबाइल आणखी दोन वर्षे वापरणे अधिक उपयोगाचे. काच फुटली तर काच बदलावी, बॅटरी थकली तर बॅटरी बदलावी. निकामी झालेले चार्जर, वायरी, बॅटऱ्या आणि जुन्या ट्यूब मात्र कधीही साध्या कचऱ्यात टाकू नयेत. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. या वस्तूंसाठी जिन्याखाली एक वेगळे खोके ठेवावे आणि भरले की अधिकृत संकलन केंद्राकडे पोचवावे.

दुसरी गोष्ट वर्षाअखेरीची. परीक्षा संपल्या की प्रत्येक मजल्यावर ढीग पडतो. बादल्या, मग, गाद्या, हँगर, प्रयोगशाळेचे पांढरे कोट, ड्रॉइंग बोर्ड, अर्धवट वापरलेल्या वह्या. जूनमध्ये नवीन मुले येतात आणि बाजारातून त्याच वस्तू पुन्हा विकत आणतात. एका बाजूला आपण फेकतो, दुसऱ्या बाजूला आपलाच धाकटा बंधू विकत घेतो. तळमजल्यावरची एक खोली 'वस्तुभांडार' म्हणून राखून ठेवली, जाणाऱ्याने वस्तू धुऊन-पुसून तेथे ठेवली, नोंदवहीत लिहिली आणि येणाऱ्याने तेथून नेली, तर यासाठी एक रुपयाही लागणार नाही. अपरिग्रहावर निबंध लिहिण्यापेक्षा हे भांडार चालवणे मोलाचे आहे. ज्या मुलाच्या वडिलांना गादीचे पैसे जुळवताना विचार करावा लागतो, त्यालाही कोणापुढे हात न पसरता गादी मिळेल.

पाणी

पाणी गाळून पिणे ही आपली ओळख आहे. जुन्या पिढीतील मंडळींना आठवत असेल, पाणी गाळून झाल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीतून पाणी आणले त्याच विहिरीत हळुवारपणे परत सोडण्याची रीत होती. त्या रीतीमध्ये जीवदया होतीच, शिवाय आपले पाणी कोणत्या विहिरीतून येते याची रोजची आठवणही होती. आज नळाच्या मागे काय आहे, हे आपण पाहत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपणा सर्वांना स्मरत असेल. शिक्षणासाठी गावोगावची मुले जेथे येऊन राहतात, असे ते शहर. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. त्या हिशेबाने संपूर्ण गाडीतले पाणी सुमारे ३,७०० माणसांना एक दिवस पुरणारे होते.

आता आपल्या मजल्यावरच्या नळाचे पाणी मोजा. पंधरा लिटरची बादली दोन मिनिटांत भरत असेल, तर मिनिटाला साडेसात लिटर पाणी येते. दात घासताना तीन मिनिटे नळ चालू राहिला तर बावीस लिटर गेले. दोन वेळेस धरले तर पंचेचाळीस. म्हणजे १३५ लिटरांचा एक-तृतीयांश भाग केवळ नळ बंद न केल्यामुळे गेला. तांब्याभर पाण्यात दात घासून होतात. शॉवरऐवजी बादली, हेही तितकेच सोपे.

सौरबंबाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी रात्रभर नळीत थांबलेले गार पाणी येते आणि मुले ते सरळ सोडून देतात. पहिला तसे करतो, दुसरा तसे करतो. ते पाणी बादलीत धरले की कपडे भिजवता येतात. पिण्याच्या पाण्यासाठी आर.ओ. यंत्र असेल तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा त्याहून अधिक पाणी नळीवाटे बाहेर टाकले जाते. ती नळी पिंपात सोडावी. फरशी पुसायला, शौचालय धुवायला ते पाणी चालते. मुळात नळाच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर आर.ओ. ची गरजच सहसा नसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये नेमक्या याच मर्यादेखाली अशा यंत्रांवर बंदी घालावी, असा आदेश दिला होता. तेव्हा यंत्र बसवण्याआधी पाणी तपासून घ्यावे.

अग्नी

पूर्वी अग्नी चुलीत दिसे. आता तो तारेतून येतो, म्हणून दिसत नाही. पण आपल्या देशातील विजेचा मोठा भाग आजही कोळसा जाळून तयार होतो. जाळ्यातून येणाऱ्या एका युनिट विजेमागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे विजेचे बटण दाबणे हे कोठेतरी दूर एका चुलीत कोळसा सारण्यासारखेच आहे.

कोणत्या वस्तूकडे आधी लक्ष द्यावे, हे कळायला हवे. उष्णता निर्माण करणारी उपकरणे सर्वाधिक वीज घेतात. पाणी तापवण्याचा रॉड, गिझर, इस्त्री, विजेची शेगडी. पंधरा लिटर पाणी अंघोळीपुरते तापवायला सुमारे एक-तृतीयांश युनिट लागते. दीड हजार वॅटच्या रॉडला ते काम सुमारे तेरा मिनिटांत होते. परंतु रॉड लावून मुलगा मित्राच्या खोलीत गप्पा मारत बसला आणि पाऊण तासाने परतला, तर एक युनिटाहून अधिक वीज गेलेली असते, आणि मग त्याच कढत पाण्यात तो गार पाणी मिसळतो. शिवाय खोलीत रॉड वापरणे धोक्याचे आहे. त्यामुळे त्याला बंदी असणे योग्यच. मात्र बंदी घालणाऱ्याने सौरबंब चालू स्थितीत ठेवला पाहिजे, हेही तितकेच खरे. गच्चीवरच्या सौरबंबाच्या काचेवर धूळ साचू देऊन खाली रॉडबंदीची सूचना लावणे हा न्याय नव्हे.

इस्त्री रोज एकेका शर्टासाठी तापवण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एकत्र करावेत. टेबल खिडकीशी ओढून घेतले तर दुपारी दिवा लागत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची आपली शिस्त ज्या मेसमध्ये पाळली जाते, तेथे संध्याकाळचे दिवे आपोआप कमी जळतात, हा त्या शिस्तीचा आणखी एक लाभ.

वायू

विनाकारण वारा चाळवू नये, हे वाचताना पूर्वी कदाचित हसू आले असते. आज हा उपदेश आपल्या खोल्यांना सर्वाधिक लागू पडतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. खोली बंद करून दोघेही वर्गात गेले आणि सहा तास पंखा फिरत राहिला, तर जवळजवळ अर्धा युनिट गेले. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सव्वाअकरा युनिट. साठ खोल्या असतील तर ६७५. शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांत पावणेसात हजार युनिट वीज आणि पावणेपाच टनांच्या आसपास कर्बवायू. आणि या वाऱ्याने थंड कोण झाले? रिकामी खोली. अनर्थदंड हा शब्द समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

जो वारा हवा आहे, त्याबाबतही विचार करता येतो. नव्या प्रकारचे, बी.एल.डी.सी. मोटारीचे पंखे तेवढाच वारा तीस वॅटच्या आसपास देतात. छताच्या पंख्यांवर तारांकित लेबल लावणे १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाले आहे, त्यामुळे विकत घेताना तुलना करणे सोपे आहे. रोज चौदा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस पंखा चालला, तर एका पंख्यामागे सुमारे १९० युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तरी ते वर्षाला पंधराशे रुपये होतात. पंख्याची किंमत साधारण दोन वर्षांत निघून येते. त्यानंतरची बचत निव्वळ.

वनस्पती

येथे दोन वस्तू येतात, कागद आणि अन्न. कागदाबद्दल थोडक्यात सांगतो. पाठपोट छपाई करा, वर्ष संपल्यावर वह्यांतील कोरी पाने काढून शिवून घ्या, आणि जेथे प्राध्यापक संगणकावर काम स्वीकारतात तेथे झेरॉक्सचा आग्रह धरू नका.

अन्नाबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत आलेल्या अन्नाच्या ते जवळजवळ एक-पंचमांश होते. आकडा मोठा वाटतो, पण तो ताटाताटातूनच तयार होतो. आपल्या मेसमध्ये १२० जण जेवत असतील आणि प्रत्येकाने एका वेळेस केवळ पन्नास ग्रॅम, म्हणजे दोन घास भात टाकला, तरी दोन वेळचे मिळून दिवसाला बारा किलो अन्न होते. महिन्याला ३६० किलो. त्यामागे शेतकऱ्याची मेहनत, कालव्याचे पाणी, खत, ट्रकचे डिझेल, गॅस, आणि सूक्ष्म जीवांपासून बैलापर्यंत किती जीवांचे कष्ट.

आपल्या घरांत ताट धुऊन ते पाणी पिण्याची पद्धत आहे. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, हे तप मानले आहे. त्या तपाची अपेक्षा मी सर्वांकडून करणार नाही. उमलत्या वयातल्या मुलांनी पोटभर जेवावे. माझे सांगणे इतकेच की आधी थोडे वाढून घ्या, लागले तर पुन्हा घ्या. आणि जो बाहेर जेवणार आहे त्याने सकाळीच मेसच्या फळ्यावर तसे लिहावे, म्हणजे आचारी तेवढी कणीक कमी मळेल. मेसमध्ये उरते ते बहुतांशी न कळवता गैरहजर राहणाऱ्यांच्या वाट्याचे असते.

या ठिकाणी एक शंका घेतली जाते आणि ती प्रामाणिक आहे. ओल्या कचऱ्याचे खत करावे, तर त्यात जीवोत्पत्ती होते. मग ते आपण कसे करावे? माझे उत्तर असे. सर्वांत श्रेष्ठ मार्ग उष्टे न टाकण्याचा. परंतु भाज्यांची देठे, साली, फळांची टरफले राहणारच. ती आपण गावाबाहेरच्या कचरा डेपोवर पाठवली म्हणून जीवोत्पत्ती टळत नाही, फक्त ती आपल्या दृष्टीआड होते. तेथे ढिगाखाली हवा न मिळाल्यामुळे ओला कचरा सडून मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या कालावधीत हा वायू कर्बवायूच्या सत्तावीस-अठ्ठावीस पटीने पृथ्वी तापवतो. शिवाय प्लास्टिकच्या पिशवीसह ते अन्न खाणारी गुरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यापेक्षा कोरड्या पानांच्या थरांत, हवा खेळती ठेवून, जपून केलेले खत कमी पीडा देणारे आहे असे मला वाटते. ज्यांना ते मान्य नसेल, त्यांनी साली-देठे त्याच दिवशी ताजी असतानाच गोशाळेला पोचवावीत. मात्र काहीही न करता सर्व एकाच पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवणे, हा मार्ग कोणत्याही दृष्टीने अहिंसेचा नाही.

जाणे आणि जायला लावणे

महाविद्यालय तीन किलोमीटरवर आहे असे धरू. जाऊन-येऊन सहा किलोमीटर, महिन्याला दीडशे. दुचाकीला तीन-साडेतीन लिटर पेट्रोल लागेल आणि लिटरमागे सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जाईल. तेच अंतर सायकलने वीस मिनिटांचे आहे. पण सायकल ठेवायला छप्पर नसेल, हवा भरायचा पंप नसेल, तर कोणी सायकल आणणार नाही. ते काम व्यवस्थापनाने करावे.

आचार्यांच्या यादीतील शेवटचा शब्द मला विशेष महत्त्वाचा वाटतो. स्वतः फिरू नये एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. दुसऱ्याला विनाकारण फिरवणे हाही त्यांनी प्रमादच मानला. आज आपण खोलीतून हलत नाही, पण आपल्यासाठी कोणीतरी सतत फिरत असतो. रात्री अकरा वाजता एक जण बिस्किटाचा पुडा मागवतो, अर्ध्या तासाने त्याचाच खोलीसोबती पेन मागवतो. प्रत्येक वेळी कोणाचा तरी मुलगा पावसात गाडी हाकत फाटकापाशी येतो, आणि सोबत पिशवी, खोके, चिकटपट्टी येते. कपडे तीन मापांचे मागवून दोन परत पाठवणे, हीसुद्धा आता रीत झाली आहे. मजल्यावर एक यादी लावा, आठवड्यातून दोनदा सर्वांचे मिळून एकच सामान आणा. त्या निमित्ताने कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी चार शब्द बोलणे होईल, ते वेगळेच.

विश्वस्तांना विनंती

आतापर्यंत मी मुलांशी बोललो. आता थोडे आपणा ज्येष्ठांशी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी आपली गत होऊ नये. मुलांनी तांब्याभर पाण्यात दात घासावेत असे आपण म्हणतो, आणि आपल्याच समारंभात दोनशे मिलिलिटरच्या बाटल्यांचे खोके उघडतो. अर्धी प्यालेली बाटली खुर्चीखाली ठेवून आपण उठतो. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये आणि संपूर्ण देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आली. पण कायद्याने मना केले तेवढेच टाळायचे, असे श्रावकाचे वागणे नसते. पिंप, गाळणे आणि स्टीलचे पेले आपल्या भांडारात आहेत. ते बाहेर काढावेत.

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त वसतिगृहाच्या नूतनीकरणाचा संकल्प झाला आहे. काही दात्यांनी प्रत्येक खोलीत वातानुकूलन आणि स्वतंत्र गिझर देण्याची इच्छा दर्शवली आहे. त्यामागील प्रेम मी जाणतो. 'आम्ही कष्टात शिकलो, मुलांना तरी सुख मिळावे' ही भावना सहज आहे, आणि मुलांना मुद्दाम कष्टात ठेवावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु दीड टनाचे यंत्र तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज घेते. एका खोलीच्या एका रात्रीच्या थंडाव्यात नव्या प्रकारचे तीस-पस्तीस पंखे तेवढाच वेळ फिरू शकतात. शिवाय दान एकदाच मिळते, बिल मात्र दरमहा येते. ते भरण्यासाठी उद्या शुल्क वाढवावे लागेल आणि ज्या गरजू मुलासाठी संस्थापकांनी हे वसतिगृह काढले, तोच दाराबाहेर राहील. प्रश्न पर्यावरणाचा आहे तसाच तो या संस्थेच्या मूळ हेतूचाही आहे.

त्याच देणगीतून गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा लेप देता येईल, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे काढता येतील, सर्व पंखे बदलता येतील, सौरबंब दुरुस्त होईल आणि वीजनिर्मितीचे सौरसंच बसवता येतील. वरच्या मजल्यावरच्या मुलांना उन्हाळ्यात खरोखर त्रास होतो, तो दूर करण्याचा विचार आधी छतापासून व्हावा. अभ्यासिका मात्र वातानुकूलित करावी. एका खोलीच्या थंडाव्यात चाळीस मुले बसतील. दात्याचे नाव पंख्यावर कोरता येत नाही हे खरे, पण त्याचे पुण्य त्यामुळे कमी होत नाही.

तिसरी विनंती अगदी लहान. प्रत्येक मजल्याला वीज आणि पाण्याचे वेगळे मीटर बसवावे आणि दर रविवारी त्याचा आकडा जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहावा. दंड नको, बक्षीसही नको. केवळ आकडा. वापर करणाऱ्याला त्याचा वापर दिसू लागला की पुढचे काम त्याची बुद्धी करील, एवढा विश्वास या मुलांवर ठेवायला हरकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी तुम्हाला कंजूष म्हणेल, त्याची चिंता करू नका. कंजूष माणूस स्वतःजवळ साठवण्यासाठी वाचवतो. तुम्ही दुसऱ्याला पीडा होऊ नये म्हणून वाचवणार आहात. सर्व गोष्टी एका दिवसात होणार नाहीत. दारावर मोठे फलक लावण्याचीही गरज नाही. खोलीला कुलूप लावण्यापूर्वी मागे वळून एकदा पाहावे आणि स्वतःला विचारावे की येथे आता जे चालू आहे, त्याचा या क्षणी कोणाला उपयोग होतो आहे? उत्तर 'कोणालाच नाही' असे आले, तर हात बटणाकडे जाऊ द्यावा. एवढे एक पाऊल चार वर्षे रोज टाकले, तर ज्या व्रताचे नाव आज तुम्ही कदाचित पहिल्यांदा ऐकले असेल, त्याचा काही अंश तुमच्या अंगवळणी पडलेला असेल. संस्थेच्या शताब्दीच्या वेळी या सभागृहात विश्वस्तांच्या खुर्च्यांवर तुमच्यापैकीच काही जण बसलेले असतील. त्या दिवशीही गावाच्या नळाला पाणी असावे आणि एखाद्या गरीब शेतकऱ्याच्या मुलाला येथे परवडेल अशी खोली असावी, एवढी प्रार्थना करून मी थांबतो.